डावा आरसा

धक्का तसा काही नव्हता. ओमाहातल्या एका चढाच्या रस्त्यावर लाल दिव्यापाशी इल्मा थांबली होती आणि मागून कुणाची तरी गाडी येऊन हलकेच टेकली, एवढंच. दारावर कुणी बोटाच्या पेराने टकटक करावी तसं. पण ती टकटक आधी मागे जोडलेल्या डब्याला, म्हणजे तिच्या राहत्या ट्रेलरला लागली, डब्यातून गाडीला जोडणाऱ्या दांड्यात उतरली, दांड्यातून गाडीत आणि गाडीतून इल्माच्या पाठीत शिरली, आणि ती मागे वळूनही न बघता म्हणाली, "आलास?" म्हटल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, शेजारच्या रांगेतल्या गाड्या निघून गेल्या, आणि ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिली. प्रवासात संध्याकाळी मुक्काम पडला की ती गाडीतच बसून रेडिओवरच्या बातम्या संपवायची. लोवेल तेवढ्यात मागे डब्याच्या पायरीवर पाय ठेवून आत चढायचा, त्याच्या वजनाने डबा किंचित खचायचा, आणि तो खच तिला पुढे सीटवर कळायचा. नवरा घरात आला हे पाठीला कळणं फार थोड्या बायकांच्या नशिबी असेल, आणि त्या सगळ्या बहुधा अशाच डब्यांत राहत असतील. लोवेलला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

डबा हे नाव त्यानेच ठेवलेलं. दुकानात खारवलेल्या मांसाचा पत्र्याचा डबा मिळतो, दोन्ही कडांना गोल, तसाच या ट्रेलरचा आकार होता. इल्माच्या जन्माच्या आसपास कुठल्याशा कारखान्यातून बाहेर पडला होता, कुणाकुणाला डोंगरांत आणि तळ्यांवर फिरवून आणला होता, आणि शेवटी एका शेतात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडला होता. लोवेलने दार उघडलं तेव्हा आतून आधी वास बाहेर आला, मग कोंबड्या. इल्मा नाकाला रुमाल लावून उभी राहिली होती आणि हा माणूस, जन्मभर शाळेत पोरांना ट्रंपेट आणि ढोल शिकवलेला, ज्याला घरातला नळ दुरुस्त करता येत नव्हता, तो आतल्या काळ्या पडलेल्या लाकडावर थुंकीने ओलं केलेलं बोट घासत म्हणाला, "इल्मा, खाली बर्चचं लाकूड आहे बघ. मधासारखं." पुढचे कितीतरी हिवाळे तो गॅरेजमध्ये त्या मधाच्या मागे लागला. कुजलेल्या फळ्या काढल्या, तशाच नव्या बसवल्या, तेल पाजलं, पत्रा सोलून पुन्हा ठोकला, जुनी बर्फाची पेटी कुठल्या तरी म्हाताऱ्याकडून मिळवली. आणि मग दोघं निवृत्त झाल्यावर शहरातलं घर काढून टाकलं आणि डब्यात राहायला गेले. लोक म्हणाले, वेड लागलंय. लागलंच होतं. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती, हे इल्माला तेव्हाही माहीत होतं.

तोच डबा आज ती देऊन टाकायला निघाली होती. तिची मुलगी कॉरीन हिने सगळं जमवून आणलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण जोडपं होतं, भलं होतं, त्यांना डब्याच्या कुशीत मोठी खिडकी कापून, फळी टाकून, कॉफी विकायची होती. खिडकी नेमकी पलंगाच्या जागी कापावी लागणार होती. "निदान वापरात तरी राहील, आई," कॉरीन म्हणाली होती, आणि इल्मानेही मान हलवली होती. कॉरीनच्या घरी वरची खोली तयार होती, पडदे लागले होते. सगळ्यांना इल्माने सांगितलं होतं की आता गुडघे साथ देत नाहीत. गुडघ्यांवर सगळ्यांचा विश्वास बसतो. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं तर लोक हसले असते. सव्वीस वर्षं या शहरात बस चालवलेल्या बाईला गाडी मागे घेता येत नव्हती.

"बाई, बाई, लागलं का हो तुम्हाला?" खिडकीशी एक उंच, पांढऱ्या केसांचा काळा माणूस वाकून उभा होता. सूट घातलेला, टाय सैल. मागे त्याची व्हॅन, तिच्यात घडीच्या खुर्च्या कोंबलेल्या.

"नाही. तुम्हाला?"

"मला कसलं लागतंय. चूक माझी. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो, तुमच्या ह्याच्याकडे बघत होतो. माझ्या मामाकडे अस्सा होता. अगदी अस्सा. उन्हाळ्यात आम्ही भावंडं त्याच्यात झोपायचो, एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडात."

इल्माला हसू आलं. प्रत्येकाच्या मामाकडे, आजोबांकडे, शेजाऱ्यांकडे अस्सा होता. पेट्रोल भरायला थांबलं की हमखास कुणीतरी येऊन सांगायचं, आणि लोवेल त्या सगळ्यांना आत नेऊन दाखवायचा. पेट्रोल केव्हाच भरून झालेलं असायचं आणि मागे रांग लागलेली असायची.

"मागचा दिवा लोंबतोय," तो माणूस म्हणाला. "असं शहरातून नेलंत तर पोलीस धरतील. माझं चर्च इथेच मागे आहे, हत्यारं आहेत, लगेच बसवून देतो. माझ्या मागोमाग या. रॉस्को म्हणतात मला."

आणि इल्मा त्याच्या मागोमाग गेली. रस्ता आरपार आहे का, हे तिने विचारलंच नाही. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच ती हे विचारायला विसरली होती. कुठल्याही मुक्कामाला जायच्या आधी ती फोन करून विचारायची, आरपार जागा आहे का, म्हणजे या तोंडाने आत शिरायचं आणि त्या तोंडाने निघून जायचं. नसेल तर जायचंच नाही. आरपार जागा मोठ्या रस्त्यांच्या कडेला असतात, जिथे ट्रकांचा आवाज असतो. तळ्याकाठच्या, झाडांखालच्या, चांगल्या सगळ्या जागा मागे घेऊन लावायच्या असतात. त्यामुळे एकेक तळं सुटत गेलं, एकेक झाड सुटत गेलं, आणि नकाशा आकसत आकसत महामार्गाच्या एका पट्टीवर येऊन थांबला. एकदा तर एका गावात चुकून बंद गल्लीत शिरली होती, तेव्हा दुधाचा ट्रकवाला येईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि त्याच्याकडून गाडी बाहेर काढून घेतली. त्याला म्हणाली, हात दुखतोय. आज गुडघे, तेव्हा हात. एकेका अवयवावर आळ घेत तिने दोन वर्षं काढली होती.

बसचं बरं होतं. बस मागे घ्यायचीच नाही, असा नियमच होता. घ्यावीच लागली तर मागे माणूस उभा केल्याशिवाय घ्यायची नाही. सव्वीस वर्षं ती पुढे पुढेच गेली. डबा आल्यावर पहिल्यांदा लोवेलने तिला एका रिकाम्या मैदानात नेलं. चालवायची तीच, तो कधीच नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. डबा मागे घेताना सगळं उलटं होतं, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जातो, आणि जरा जास्त झालं की गाडी आणि डबा कात्रीसारखे मिटतात. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. मुक्कामाच्या जागी नवराबायकोची भांडणं बघायची असतील तर संध्याकाळी खुर्ची टाकून बसावं, कुणीतरी डबा लावत असतंच. "डावीकडे म्हटलं ना!" "कुणाच्या डावीकडे?" अशी. लोवेल कधी ओरडला नाही. तो डब्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहायचा, तिच्या डाव्या आरशात नेमका मावेल असा, आणि पोरांचा बँड वाजवून घेतल्यासारखे हात हलवायचा. ये, ये, हळू, अजून हळू, बस. नियम एकच होता. "मी आरशात दिसलो नाही की थांबायचं. कारण काही का असेना, थांबायचं." एवढ्याशा आरशात तो बोटभर दिसायचा, मागे पाणी, संध्याकाळ, आणि त्याचे ते हात. कधी कधी वाटायचं, तो आपल्याला मागे बोलावत नाहीये, सगळा दिवस हळूहळू मागे बोलावतोय, सकाळपासून ओलांडलेली गावं, कुरणं, पूल एकेक करून परत येतायत. लहानपणी ती काकाच्या ट्रेलरमध्ये मागच्या फळीवर पालथी पडून जायची, चालत्या ट्रेलरमध्ये बसायला तेव्हा मनाई नव्हती, आणि मागच्या काचेतून रस्ता आपल्या पोटाखालून निघून दूर पळताना बघायची. तेव्हा तिला वाटायचं, एवढा सगळा रस्ता वाया चाललाय. लोवेल आरशात उभा राहिला की तो रस्ता परत मिळायचा.

आणि जागा लागली की तो खिडकीशी येऊन म्हणायचा, "आजपण जीभ बाहेर काढलीस."

"मी नाही काढत."

"मागे घेताना काढतेस. डाव्या बाजूने. एवढीशी."

"तुला काय दिसतंय तिथून," ती म्हणायची. हे भांडण रोजचं होतं आणि त्यात कधीच कुणी हरलं नाही.

चर्चची गल्ली एका विटांच्या भिंतीपाशी संपत होती. इल्माने भिंत पाहिली तेव्हा डबा पूर्ण आत आलेला होता, एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी परसाचं कुंपण. रॉस्कोची व्हॅन अंगणात वळून उभी होती, पण डब्याला वळायला जागाच नव्हती. तिने गाडी बंद केली.

काय पडलंझडलं ते बघायला ती डब्यात गेली. काही पडलं नव्हतं. कपाटातले कप सगळे जागच्या जागी, प्रत्येकात एकेक मोजा कोंबलेला. प्रवासात कप एकमेकांवर आपटून वाजू नयेत म्हणून मोजे कोंबायचे, ही डब्यातल्या लोकांची रीत. मोजे लोवेलचे होते. मुक्कामाला पोचलं की ती मोजे काढून कपातून कॉफी घ्यायची, निघताना पुन्हा मोजे भरायची, आणि धुवायचे म्हटलं तर गेल्या दोन वर्षांत एकही मोजा धुतला नव्हता. फळ्यांवर दुपारचं ऊन पडलं होतं, मधासारखं. ती पलंगावर बसली. उद्या इथे खिडकी असणार, कुणीतरी हात आत घालून साखर जास्त मागणार. आणि तेवढ्यात डबा खचला.

तिने वळून पाहिलं. दारात रॉस्को होता, एक पाय पायरीवर. "दिवा बसवला. आत डोकावू का? मामाच्या डब्यात अशीच बर्फाची पेटी होती." तो आत आला, पेटीचं झाकण उचलून आत नाक घालून बघितलं, खूश झाला. "कुठे निघालात?"

"हा देऊन टाकायला."

"का?"

"गुडघे," इल्मा म्हणाली.

रॉस्कोने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "माझेही गेलेत. पण डबा तर गाडी ओढते." एवढं बोलून तो उतरला. इल्माचा फोन वाजला. कॉरीन होती. "आई, कुठे आहेस? ते लोक वाट बघतायत, त्यांनी करवतवालाही बोलावून ठेवलाय."

"आजच?"

"तो आजच मोकळा आहे. का गं? तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. एका गल्लीत अडकलेय. निघतेच."

ती गाडीत जाऊन बसली. रॉस्कोने कोट काढून कुंपणावर टाकला. "या, मी दाखवतो. चर्चच्या सगळ्या गाड्या मीच लावतो," तो म्हणाला आणि डब्याच्या मागे गेला, अगदी मधोमध, जिथे कुठल्याच आरशात दिसणार नाही अशा जागी, आणि तिथून ओरडू लागला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या."

"मला दिसत नाही तुम्ही," इल्मा ओरडली. "डाव्या कोपऱ्याला या. आणखी बाहेर."

तो आला. आरशात बोटभर माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट. इल्माने हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला, लोवेलने शिकवलेलं, हात तळाशी धरला की जिकडे हात तिकडे डबा. गाडी तसूभर मागे सरकली, आणखी तसूभर. आरशात हात हलत होता, बेताल, पण हलत होता. कुंपणाची एक फळी मागून पुढे आली, मग दुसरी. आणि मग आरसा रिकामा झाला.

तिने ब्रेक दाबला. आरशात कुंपण होतं, आभाळाचा तुकडा होता, माणूस नव्हता. त्या दिवशीही असंच होतं, याच नेब्रास्का राज्यात, पश्चिमेला, वाळूच्या टेकड्यांतल्या एका तळ्यावर. पानगळ होती, पाण्यावर पक्षी उतरत होते, लोवेल आरशात हात हलवत होता आणि मग नव्हता. ती थांबली. नियमच होता. तिला वाटलं, चाकाखालचा दगड काढायला वाकला असेल. रेडिओवर काहीतरी चाललं होतं, ती ऐकत बसली, स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली, मनात म्हणालीही, काय करतोय हा. रेडिओवरचं संपलं, दुसरं सुरू झालं. शेवटी शेजारच्या मुक्कामावरची बाई धावत आली. डॉक्टर नंतर म्हणाले, पडायच्या आधीच गेला होता, तुम्ही लगेच उतरला असतात तरी काही झालं नसतं. इल्माला ते पटलंही. पण तेव्हापासून ती थांबलेलीच होती. तो दिसत नव्हता, आणि तो दिसला नाही की थांबायचं, एवढंच त्याने सांगितलं होतं. पुढे काय करायचं, किती वेळ थांबायचं, ते त्याने सांगितलंच नव्हतं.

आरसा अजून रिकामाच होता. इल्माने ब्रेकची कळ ओढली, दार उघडलं आणि खाली उतरली. डब्याच्या कडेने, पत्र्यावर तळहात टेकवत ती मागे गेली. डब्यामागे रॉस्को ओणवा होऊन एक मोठी मातीची कुंडी ढकलत होता.

"अहो, ही कुंडी तुमच्या चाकाखाली येत होती," तो धापा टाकत म्हणाला. "तुम्ही कशाला उतरलात? मी सांगितलं असतं की."

"तुम्ही दिसला नाहीत."

"मग?"

"मग उतरले," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली, डाव्या कोपऱ्याशी, जिथे लोवेल उभा राहायचा. इतक्या वर्षांत ती या जागी कधी उभी राहिली नव्हती. डबा लावला जात असताना ती नेहमी आतच असायची. इथून डब्याचा सगळा गोल खांदा दिसत होता, चाक दिसत होतं, आणि पुढे, गाडीच्या कडेला, डावा आरसा दिसत होता. आरशात तिची रिकामी सीट होती. डोकं टेकायची उशी, तिच्यावर ऊन. आरसा दोन्हीकडून चालतो, हे तिला काय माहीत नव्हतं? सव्वीस वर्षं आरशात बघूनच पोट भरलं होतं. पण आपण तिकडे त्याला बघत होतो तेव्हा तो इथून डबा बघत असणार, चाक बघत असणार, दगड बघत असणार, असंच ती धरून चालली होती. तो तिच्याकडे बघत होता. प्रत्येक संध्याकाळी, सगळ्या तळ्यांवर, हात हलवत तो तिच्या तोंडाकडे बघत होता. इल्माला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. रॉस्को दुसरीकडे तोंड करून कुंडीतली माती नीट करत राहिला.

"इथे उभे राहा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बरोब्बर इथे. आणि हात जरा सावकाश. डबा आहे, कोंबडी नाही हुसकायची."

तो हसला. ती गाडीत बसली, हात तळाशी धरला. गाडी हलली. मधे कोपऱ्यावर डबा नको तेवढा वळला तेव्हा ती थांबली, उतरली, मागे जाऊन बघितलं, परत आली, जरा पुढे घेऊन पुन्हा मागे घेतला. मग आणखी एकदा उतरली. कुंपण, चर्चची भिंत, गल्लीचं तोंड, सगळं सावकाश पुढे निघून गेलं आणि डबा रस्त्याला लागला, सरळ, कुठे ओरखडा नाही.

रॉस्को कोट खांद्यावर टाकून खिडकीशी आला. "राग मानू नका, बाई, पण एक सांगू? मागे घेताना तुमची जीभ बाहेर येते. इकडून. एवढीशी."

इल्मा हसायला लागली ती थांबेचना. रॉस्को आधी घाबरला, मग तोही हसला, कशाला ते कळलं नाही तरी. "डाव्या बाजूने ना?" तिने विचारलं.

"डाव्या बाजूने."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

तिने कॉरीनला फोन लावला. "करवतवाल्याला घरी जायला सांग."

"म्हणजे? आई, अगं, मी शब्द दिलाय त्यांना. आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काही झालेलं नाही. मी खोटं बोलले. त्यांची मी स्वतः माफी मागेन, त्यांना दुसरा डबा शोधून देईन, खुराडी पुष्कळ पडलीयेत. पडदे राहू देत तुझे, नाताळला येते त्या खोलीत."

पलीकडून कॉरीन म्हणाली, "आई, एकटी गं?" इल्माला वाटलं, हे पोर घाबरलंय, आपल्यासाठी नाही, बापासाठी घाबरलंय अजून. "रोज फोन करते," ती म्हणाली. "रोज. रागावलीस तरी."

शहर मागे पडलं, मका कापून मोकळी झालेली शेतं लागली. नदीकाठच्या मुक्कामाच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. खोपटातल्या बाईने डबा बघितला आणि तिच्या आजीकडे अस्सा होता हे सांगून घेतलं. मग म्हणाली, "आरपार एक जागा शिल्लक आहे, रस्त्याच्या बाजूला. पाण्याकडचीही एक आहे, पण ती मागे घेऊन लावावी लागेल. झाडं जरा अडचणीची आहेत."

"पाण्याकडची द्या."

बाईने तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "मागे उभं राहायला कुणी आहे का बरोबर?"

"नाही," इल्मा म्हणाली. "मी उतरून बघते."